कॅनडा साइजचे सहा फोटो

कॅनडात दीड महिना राहून नायगारा न बघता परत आलेली बाई, अशी सध्या आमच्या कॉलनीत माझी ख्याती आहे. "मग गेलात तरी कशाला?" समोरच्या वहिनींनी तर तोंडावरच विचारलं. मी सांगितलं, अहो, नायगारा तिकडच्या टोकाला, आमचा निखिल इकडच्या टोकाला, मधे विमानाने चार-पाच तास. पण त्यांना काही ते पटलं नाही. "बरं, मग पाहिलं तरी काय?" मी म्हटलं, "कावळे." त्यावर त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला. तेव्हाच ठरवलं, हे सगळं नीट लिहून काढायचं.

खरं सांगायचं तर मी काही बघायला गेलेच नव्हते. माझ्या पर्समध्ये एक खाकी पाकीट होतं, ते मुलाच्या हातात द्यायचं होतं आणि त्याला एक गोष्ट सांगायची होती. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती. नागपूर सोडल्यापासून ते पाकीट मी विमानातल्या वॉशरूममध्येसुद्धा सोबत नेलं.

गोष्ट अशी. निखिल कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कोक्विटलामला राहतो आणि शेजारच्याच बर्नाबीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. चारेक वर्षांपूर्वी तो नागपूरला आला होता, तेव्हा जेवताना सहज सांगावं तसं त्याने सांगितलं, की मी कॅनडाचा नागरिक झालो, शपथ घेतली, आपला पासपोर्ट परत केला. ह्यांचा, म्हणजे आमच्या यजमानांचा, घास हातातच राहिला. शब्दाला शब्द लागला. हे म्हणाले, "तुझ्या देशात मी पाय ठेवणार नाही." निखिल म्हणाला, "नका ठेवू." झालं! बापलेक एकाच मातीचे. दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. फोन आला की हे नुसतं "आईला देतो" म्हणायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात. बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, अख्ख्या विदर्भाला ट्रंक कॉल लावून दिले, पण घरातली ही एक लाइन काही मला जोडता आली नाही.

आणि मग एका एप्रिलमध्ये हे सकाळी उठले, स्टुडिओत गेले आणि व्हिसासाठी फोटो काढून आले. मला म्हणाले, "निखिलला सांगू नकोस. सरळ दारात जाऊन उभे राहू. बघू कसा बाहेर काढतो!" त्यानंतर एकोणीस दिवसांनी हार्ट अटॅकने गेले. अर्जसुद्धा भरून झाला नव्हता.

दहाव्याला कन्हान नदीच्या काठी कावळा शिवला नाही. नागपूरचा मे महिना, दुपारचे बारा, पिंड मांडून आम्ही दोन तास बसलो. झाडावर चांगले चार-पाच कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीचं सुरू झालं. "आठवा रे, काय राहिलं असेल मनात?" मुंडन केलेला माझा पोरगा हात जोडून एकेक कबूल करत होता. आईला सांभाळीन. दर वर्षी येईन. लेकीला मराठी शिकवीन. काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. पण चारचौघांत, त्या उन्हात, त्याला कसं सांगू, की अरे, तुझा बाप तुझ्याकडे यायला निघाला होता? तो तिथेच कोसळला असता. मी गप्प बसले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. निखिल परत गेला आणि त्याने बापाचं नाव तोंडातून काढणं सोडलं. त्याला वाटलं, बाबा रागातच गेले. मी बोलले नाही म्हणून वाटलं. चूक माझी होती आणि ती दुरुस्त करायला मी गेले होते.

कोक्विटलाम

पाच आठवडे झाले तरी पाकीट पर्समध्येच.

घर छान आहे. मागे देवदारासारखी उंच झाडं, खाली बेसमेंट, आणि ऑक्टोबरभर पाऊस. आपल्यासारखा धो-धो नाही हो, नुसता चाळणीतून गाळल्यासारखा दिवसभर. सून अदिती पुण्याची, स्वभावाने गोड, पण मी "काय करून राहिली गं?" म्हटलं की हसू दाबते. मी म्हणते, दाबू नको, हास. नात ईरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी कढीपत्त्याच्या कुंडीशी बोलत होते तर मला विचारते, "आजी, डझ इट टॉक बॅक?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरं बोलतो.

दिवाणखान्यात अदितीच्या आईवडिलांचा फोटो आहे. आमच्या ह्यांचा घरात कुठेही नाही. पहिल्याच दिवशी माझ्या ते लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. निखिल तसा माझ्याशी फार प्रेमाने वागत होता. पायात मोजे घाल, औषध घेतलं का, सगळं. पण मी "बाबा" एवढं म्हणायचा अवकाश, की त्याला काहीतरी आठवायचं. एकदा गाडीत मी हिय्या करून म्हटलं, "निखिल, बाबांचं एक सांगायचं होतं." तो म्हणाला, "आई, एक मिनिट हं, विंटर टायर्सची अपॉइंटमेंट घ्यायची राहिली," आणि तिथेच फोन लावला. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हाही टायर्स. कॅनडात एवढे टायर बदलत असतील असं मला वाटत नाही.

शाळा सुटल्यावर ईराला रोसा सांभाळायची. रोसा मेक्सिकोची, दोन घरं सोडून राहणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गोलमटोल आणि मोठ्या आवाजाची. तिचं इंग्रजीही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमलं. ईराला आणायला मी पंधरा मिनिटं आधी जायची आणि तासाने परत यायची. ऑक्टोबर संपत आला तेव्हा एक दिवस ती मला म्हणाली, "संडे, डाउनटाउन, बिग फिएस्ता. यू कम. युवर हसबंड, यू ब्रिंग."

मी म्हटलं, "रोसा, ही इज डेड."

"येस, येस!" ती आनंदाने म्हणाली. "सो ब्रिंग!"

मग तिने समजावलं. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेली माणसं परत घरी येतात. दोन दिवस राहतात. त्यांचा फोटो मांडायचा, आवडीचं खायला ठेवायचं, झेंडूची फुलं पसरायची म्हणजे वासाने वाट सापडते. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमचंच! आमच्याकडे पितृपक्ष असतो. तिने विचारलं, त्यात गाणी कोणती म्हणता? आमच्याकडे त्या पंधरवड्यात कोणी नवीन रुमालसुद्धा विकत घेत नाही, गाणी कुठून आणू?

शनिवार, स्वयंपाकघर

ह्यांच्या आवडीचं म्हणजे सांबारवडी. पुणेकरांसाठी सांगते, आम्ही सांबार म्हणतो तो म्हणजे तुमची कोथिंबीर. भरपूर सांबार, खसखस, खोबरं, तीळ, चारोळी, असं सारण बेसन-मैद्याच्या पारीत गुंडाळून तळायचं. हे एका बैठकीला आठ खायचे आणि वर म्हणायचे, "आज पोट बरं नाही." ग्रोसरीतून अदितीने कोथिंबिरीच्या दहा जुड्या आणल्या. निवडत बसलो तेवढ्यात रोसा आली. दारातच तिने नाक वर केलं आणि थेट ओट्याशी येऊन मूठभर पाला तोंडाशी धरला. तिची आई प्रत्येक गोष्टीवर हाच पाला चिरून घालायची म्हणे. आई गेली तेव्हा कागदपत्रांच्या भानगडीमुळे हिला गावी जाता आलं नव्हतं. "सो आय कॉल हर हिअर," ती म्हणाली. "एव्हरी इयर. शी नो नीड पेपर." आणि माझ्यासमोरच डोळे पुसून कोथिंबीर निवडायला बसली.

फोटोची व्यवस्था अदितीने परस्पर केली होती. कॉम्प्युटरमधून ह्यांच्या साठीचा फोटो शोधून, मोठा छापून, फ्रेमही करून आणली. मी नुसतं "वा!" म्हटलं. फोटोत काय आहे ते नीट पाहिलंच नाही. तेल तापलं होतं ना.

रात्री जेवताना निखिल म्हणाला, "तुम्ही जा. मी स्टेशनवर सोडतो. मला काम आहे."

शुक्रवारी माझं परतीचं विमान. पण मी काही बोलायच्या आतच ईराने ताटातून मान वर केली.

"बट ही इज युवर डॅड, डॅडी."

सकाळी पाहते तर निखिल बुटाच्या नाड्या बांधत होता.

रविवार, डाउनटाउन

त्या पहाटे तिथल्या सगळ्यांनी आपापली घड्याळं एक तास मागे केली होती. थंडीत दर वर्षी करतात. आमच्याकडे एवढ्या सगळ्या लोकांचं एकमत होऊन एक खुर्ची मागे सरकणार नाही. स्टेशनवर गाडी लावून आम्ही स्कायट्रेनने, म्हणजे तिकडच्या मेट्रोने, निघालो. मांडीवर सांबारवडीचा डबा, डब्यावर छत्री, काखेत पर्स. निखिल खिडकीबाहेर बघत होता.

डाउनटाउनमध्ये उंचच उंच काचेच्या इमारती, आणि त्यांच्या मधोमध एका मोठ्या चौकात हा सगळा थाट. मी तर बघतच राहिले. पावसापासून आडोसा म्हणून तंबू ठोकलेले, आणि सगळीकडे झेंडू! खरा, कागदाचा, कापडाचा, माळा, ढीग, पाकळ्यांच्या वाटा. दसरा होऊन महिना झाला होता, पण तो वास आला आणि घर आठवलं. तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं वाजत होती. माणसं नाचत होती. आणि सगळ्यांच्या तोंडांवर सांगाडे! पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळं, गालांवर दात. आईच्या कडेवरचं तान्हं बाळसुद्धा कवटी. मी मनात रामराम म्हटलं. मिठाईच्या टेबलावर साखरेच्या कवट्या होत्या, पाडव्याच्या गाठी करतो तशा साच्यातून काढलेल्या, आणि कपाळावर नावं घातलेली. आपलं नाव असलेली कवटी आपणच चोखायची. आमच्या वहिनींना सांगितलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता.

ईराने तोंड रंगवून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन दात विचकले. "आजी, आर यू स्केअर्ड?"

"तुझ्या आजोबांचा पगार झाल्यावरचा चेहरा असाच दिसायचा," मी म्हटलं. अदिती खळखळून हसली. निखिल हसला नाही, पण त्याने आमच्याकडे बघितलं.

चौकाच्या एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांची मोठी वेदी केली होती. आपल्याकडे गौरींपुढे आरास करतात ना, तशी, पण वर देव नाही, सगळी माणसंच. शेकडो फोटो. लष्करातला कोणी, लग्नातली कोणी, एक कुत्रासुद्धा. फोटोंपुढे कोणाची सिगारेटची पाकिटं, कोणाचा कोका कोला, हाडांचे आकार करून भाजलेले गोड पाव. रोसा तिथे झेंडू खाली-वर करून लावत होती. तिची आई दुसऱ्या पायरीवर, वेणीवाली, तोंडाचं बोळकं, तरी अगदी रोसासारखी. मी त्या फोटोला नमस्कार केला. रोसाने मला घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात एक धटिंगण सीगल पक्षी खाली उतरला आणि कोणाच्या तरी आजोबांपुढचा पाव उचलून गेला. लोक हसले. मी सवयीने म्हणून गेले, "शिवला बाई!" मग ईराने विचारलं म्हणून तिला सांगितलं, की आपल्याकडे गेलेल्या माणसापुढे भात ठेवतात, आणि कावळा येऊन खाल्ला की समजायचं, माणूस सुखाने गेला.

"डझ अ सीगल काउंट?"

"नाही गं, सीगल चालत नाही. कावळाच लागतो."

"डिड द क्रो कम फॉर आजोबा?"

मी जीभ चावली. निखिल दोन हातांच्या अंतरावर उभा होता, सगळं ऐकत. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. अदितीने घाईघाईने पिशवीतून फ्रेम काढून रोसाच्या हातात दिली.

रोसाने फ्रेम पदराने, म्हणजे तिच्या शालीने, पुसली, काचेवर ओठ टेकवले आणि तिसऱ्या पायरीवर मधोमध ठेवली. मग वाकून नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत फोटोकडे.

"बट... यू?"

मी चष्मा लावला. साठीचा फोटो! जोडीचा! हे फेटा बांधून बसलेत आणि शेजारी भरजरी शालू नेसून मी, दात दाखवत. गेलेल्यांच्या मांडणीत, झेंडूच्या राशीत, मी!

"अगं अदिती, मी जिवंत आहे!"

"अहो आई... अय्या! सॉरी, सॉरी!" तिने तोंडावर हात दाबला. शेजारच्या एका मेक्सिकन आजोबांनी माझ्याकडे आणि फोटोकडे पाहून छातीवर क्रूस काढला आणि पोट धरधरून हसायला लागले. मलाही हसू आवरेना. रोसाने उपाय सुचवला, की फोटो काढून मधोमध घडी घालू, तू मागे, तो पुढे. ते ऐकून मात्र माझं हसू गेलं. सदतीस वर्षांच्या संसाराची घडी नाही घालवत हो.

"नको," मी म्हटलं. "दुसरा लावू."

"दुसरा नाहीये," निखिल म्हणाला. "बाबांचा एकट्याचा फोटो नाहीये आपल्याकडे." बाबा हा शब्द त्याच्या तोंडून मी दीड वर्षाने ऐकला.

मी पर्स उघडली. पाच आठवडे मला जे जमलं नव्हतं ते एका सेकंदात झालं. खाकी पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. "आहे रे. सहा आहेत."

त्याने एक फोटो बाहेर काढला. लहानसा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. आणि तो तसाच उभा राहिला. कारण फोटोत ह्यांनी स्वेटर घातलेला होता. करड्या रंगाचा, पुढे चेन असलेला, गळ्यापर्यंत चेन ओढलेला स्वेटर. भांडण व्हायच्या आधीच्या दिवाळीत निखिलनेच तो इथून पाठवला होता. भांडण झालं तसा ह्यांनी तो डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत टाकला, म्हणाले, "मला नागपुरात काय करायचाय!" आणि मग एप्रिलच्या चव्वेचाळीस डिग्रीत तोच अंगात चढवून, स्कूटरवर बसून, सीताबर्डीच्या स्टुडिओत गेले. का, तर कॅनडाला जाणारा माणूस थंडीच्या कपड्यांत दिसायला हवा. व्हिसा ऑफिसरला खात्री पटते म्हणे! कपाळावर घाम चमकतोय. कॅनडाच्या फोटोत हसायचं नसतं असं स्टुडिओवाल्याने बजावलं होतं, तर ओठ मिटून बसलेत, आणि तरी एका कोपऱ्यातून हसू निसटलंच आहे.

निखिलने पाकीट उलटं केलं. मागे स्टुडिओवाल्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "कॅनडा साइज, ६ प्रती." खाली शिक्का, शिक्क्यात तारीख. तो तारीख वाचत राहिला. हिशोब त्याला करावा लागला नाही.

"ते येणार होते?"

"हो रे राजा. तुला न सांगता. दारात येऊन उभे राहणार होते."

"आई, मग घाटावर..." तो माझ्याकडे वळला. "मी तिथे काय काय कबूल करत होतो. तू समोर होतीस. तू का नाही बोललीस?"

"भ्यायले. तू कोसळशील म्हणून भ्यायले. मग जितके दिवस गेले तितकी जास्त भ्यायले. चुकलं माझं, निखिल."

त्याने "असू दे" म्हटलं नाही. फोटो माझ्या हातात दिला आणि वळून गर्दीत निघून गेला. त्या सांगाड्यांच्या गर्दीत त्याचा एकट्याचाच चेहरा माणसाचा होता, तोही दिसेनासा झाला.

मला वाटलं, गेला. बापही गेला आणि आता माझ्या तोंडाने मुलगाही घालवला. रोसाला मराठी कळत नव्हतं, पण तिला सगळं कळलं असावं. तिने मला खुर्चीवर बसवलं, जोडीची फ्रेम उतरवून अदितीला दिली, तो लहानसा फोटो आपल्या आईच्या शेजारी टेकवून ठेवला, त्याच्याभोवती झेंडूचं कडं केलं आणि माझा हात धरून बसली. "ही गो," ती म्हणाली. "ही कम बॅक. टुडे एव्हरीबडी कम." मी बशीत दोन वड्या काढून ह्यांच्यापुढे ठेवल्या आणि सवयीने भोवती पाणी फिरवलं.

वीसेक मिनिटांनी निखिल आला. डोळे लाल, केस ओले, हातात कागदी पेल्यात चहा. तो वेदीशी गेला, पेला बशीशेजारी ठेवला आणि साखरेच्या पुड्या फाडून एकेक ओतल्या. एक, दोन, तीन, चार. डॉक्टरांनी बंद केलेल्या साखरेवरून आमच्या घरी रोज महाभारत व्हायचं.

"चहा काही खास नाहीये बाबा," तो फोटोला म्हणाला. "इथे असाच मिळतो." मग म्हणाला, "एप्रिलमध्ये स्वेटर? काय पण!" आणि हसला. हसता हसता रडायला लागला, सहा फुटांचा माझा पोरगा, भर चौकात. कोणी वळून पाहिलं नाही. तिथे त्या दिवशी निम्मे लोक तेच करत होते. मी उठून त्याला जवळ घेतलं. मागे ती पितळी वाद्यं जोरजोरात वाजतच होती, आणि खरं सांगू, मला ती आवडली.

मग आम्ही खाल्लं. म्हणजे बाकीच्यांनी. रोसाने सहा वड्या खाल्ल्या आणि त्या आजोबांनीही चार. मी खाल्ली नाही. कावळ्याआधी आपण कसं खायचं?

परतताना

निघताना बशीतल्या त्या दोन वड्या मी कागदात बांधून डब्यात ठेवल्या. घड्याळ मागे गेल्यामुळे साडेचारलाच उजेड उतरायला लागला होता, पण पाऊस थांबला होता आणि पश्चिमेला एक पिवळी फट पडली होती. ट्रेन बर्नाबीत आली तेव्हा निखिल एकदम उठला. "इथे उतरू. माझं ऑफिस इथेच आहे. तुला काहीतरी दाखवायचंय."

स्टेशनबाहेर पार्किंगची मोकळी जागा आणि तिला बुटकी भिंत. मी वर पाहिलं. आकाशभर कावळे. शंभर नाही, दोनशे नाही, हजारो. पश्चिमेकडून ओळीच्या ओळी येत होत्या, संपतच नव्हत्या. तारांवर कावळे, छपरांवर कावळे, विजेच्या खांबांवर जागेसाठी भांडणारे कावळे. साऱ्या शहरातले कावळे रोज संध्याकाळी झोपायला इथे येतात म्हणे.

"रोज ऑफिस सुटायच्या वेळेला हेच," निखिल म्हणाला. "घाटावरून परत आलो ना आई, तेव्हापासून मी इथून मान खाली घालून जातो. दीड वर्षं. हजारो कावळे, आणि मला वाटायचं, यातला एकही माझ्याकडे येणार नाही."

पोरगं रोज या आकाशाखालून असं जात होतं आणि मी नागपुरात पाकीट सांभाळत बसले होते.

मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही वड्या घेतल्या, भिंतीवर ठेवल्या, बूट काढले आणि ओल्या सिमेंटवर मोज्यांनी उभं राहून हात जोडले. अदितीने ईराला जवळ ओढलं. घाटावर त्याने काय काय कबूल केलं होतं, त्यातलं त्याने काहीच म्हटलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "घर जवळच आहे. गाडीने वीस मिनिटं. चला."

आता समोरच्या वहिनी म्हणतील, जिथे हजारो कावळे तिथे एखादा येणारच, त्यात नवल ते काय. येणारच की! मी कुठे नाही म्हणते? तारेवरून एक उतरला. भिंतीच्या टोकाला बसला, मान वाकडी करून आम्हाला निरखून पाहिलं, टुण टुण उड्या मारत आला, दोन्ही वड्या तपासल्या, त्यातली मोठी चोचीत धरली आणि उडाला.

ईराने बापाच्या जॅकेटची बाही ओढली. पावसाने तिच्या तोंडावरचा सांगाडा निम्मा पुसला होता आणि खालून आमच्या ह्यांचं नाक दिसायला लागलं होतं.

"डॅडी, डझ दॅट वन काउंट?"

"हो," निखिल म्हणाला. "हा चालतो."